कुंडीलाही वाफसा हवा, विष नको

पावसाळा लागला की घराच्या ओट्यावर, खिडकीत आणि अंगणातल्या क्रुसासमोर मांडलेल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे घिरट्या घालू लागतात. नर्सरीवाले ज्याला मिनिएचर म्हणतात आणि आपण बटण गुलाब म्हणतो, त्याच्या कुंड्यांत तर ती हमखास दिसतात. चहाच्या कपात पडतात, दिव्याभोवती फिरतात, जेवताना तोंडावर येतात. मग घरातले कुणीतरी वैतागून उठते, गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पिशवीतून उसाला टाकायचे दाणेदार औषध चिमूटभर आणते आणि कुंडीत टाकते. दोन दिवसांत चिलटे कमी झाली की शेजारणीलाही तोच उपाय सांगितला जातो.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. शेतातले विष घरातल्या कुंडीत येता कामा नये, आणि या चिलटांसाठी तर त्याची मुळीच गरज नाही. चिलटे हे कुंडीत पाणी जास्त झाल्याचे लक्षण आहे. पाणी आवरले की चिलटे आवरतात. हे आम्ही का म्हणतो, ते नीट समजून घेऊ या.

आधी कीड ओळखा

हे चिलट दोन ते तीन मिलिमीटर लांबीचे, काळपट रंगाचे आणि लांब पायांचे असते. पाहणाऱ्याला ते छोट्या डासासारखे वाटते, पण ते चावत नाही. त्याचे उडणे दुबळे असते. कुंडीला टिचकी मारली की मातीवरून भुर्रकन उठते आणि लगेच पुन्हा मातीवर येऊन बसते. पिकल्या केळ्यांवर बसणारी लाल डोळ्यांची तपकिरी माशी निराळी, पानांच्या खाली बसणारी पांढरी माशी निराळी. ज्याचा मुक्काम मातीवर असतो ते हे चिलट.

उडणारे चिलट जेमतेम आठवडाभर जगते आणि झाडाला काहीच करत नाही. मात्र तेवढ्या दिवसांत एक मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभर ते दोनशे अंडी घालते. चार-सहा दिवसांत त्यांतून पांढऱ्या, पारदर्शक, दोऱ्यासारख्या अळ्या निघतात. त्यांचे डोके काळे आणि चकचकीत असते. पूर्ण वाढलेली अळी पाच मिलिमीटरच्या आसपास भरते. सुमारे दोन आठवडे अळी मातीत खाते, मग कोषात जाते आणि चार-पाच दिवसांनी नवे चिलट बाहेर पडते. आपल्याकडच्या उबदार हवेत हे सारे चक्र तीन ते चार आठवड्यांत पुरे होते. म्हणून एकदा काही फवारून चिलटे मेली तरी आठ दिवसांनी ती पुन्हा दिसतात. ती नव्याने आलेली नसतात, मातीत होतीच.

अळीचे मुख्य अन्न म्हणजे मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पालापाचोळा. अळ्या फार झाल्या आणि हे अन्न कमी पडले की त्या कोवळ्या मुळ्या कुरतडू लागतात. मोठ्या कुंडीतल्या जुन्या, जाड मुळांच्या गुलाबाला त्यांचा फारसा त्रास होत नाही. बटण गुलाबाचे तसे नाही. त्याची मुळे केसांसारखी बारीक, कुंडी तीन-चार इंचांची, आणि बऱ्याचदा एकाच कुंडीत तीन-चार काड्या लावलेल्या असतात. अशा जागी अळ्यांनी मुळ्या कुरतडल्या की त्या जखमांतून मूळकुज शिरते. पाने पिवळी पडतात, कळ्या उमलण्याआधीच माना टाकतात.

अळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. कच्च्या बटाट्याची पाव इंच जाडीची चकती कापून ओल्या मातीवर ठेवावी. दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्या असल्या तर चकतीच्या खाली गोळा झालेल्या दिसतात. दोन-चार असल्या तर घाबरण्याचे कारण नाही, वळवळणारा पुंजका दिसला तर पुढचे उपाय मनावर घ्यावेत. बटाट्याची चकती अळ्यांसकट काढून कोंबड्यांना टाकावी आणि नवी ठेवावी. त्यानेही त्यांची संख्या थोडी घटते.

शेतात कळते ते कुंडीत का कळू नये?

आपण शेतकरी माणसे. पेरणीआधी शिवारात जाऊन मातीची मूठ वळून पाहणारी. चिखलात नांगर घालू नये, वाफसा आल्यावरच घालावा, हे आपल्या पोरांनाही ठाऊक असते. उसाच्या सरीत पाणी तुंबले तर मुळे श्वास कोंडून मरतात, म्हणून आपण चर काढतो. मिरचीच्या वाफ्यात पाणी साचले तर रोपे आडवी होतात, हे पाहून आपण गादीवाफे करतो. एवढे शहाणपण असूनही तीच माणसे घरी आली की कुंडीत रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओततात. पाने पिवळी दिसली की आणखी ओततात. मुळे पाण्याने गुदमरत असतात आणि आपण समजतो झाडाला तहान लागली आहे.

कुंडीलाही वाफसा लागतो, एवढेच आमचे सांगणे आहे.

त्यात नर्सरीतून येणारी ही रोपे बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात. हा भुसा हलका आणि वाहतुकीला सोयीचा असतो, पण तो पाणी फार धरून ठेवतो. तो वरून कोरडा दिसतो आणि आतून चिंब असतो. नर्सरीत ऊन, वारा आणि मोजके पाणी असते, तिथे तो चालतो. आपल्या ओट्यावर, खानापूर-जांबोटीकडच्या संततधारेत, त्याच भुशाची दलदल होते. पूर्वेकडच्या काळ्या रानातले लोक आपली काळी मातीच कुंडीत भरतात. तीही चिकट होऊन पाणी धरते, आणि उन्हाळ्यात आवळून भेगाळते. दोन्हींत चिलटांची चंगळ होते.

कुंडीचा वाफसा ओळखणे अवघड नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच द्यावे, आणि देताना भोकातून खाली येईपर्यंत भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याने वरचा थर कायम ओला राहतो आणि चिलटांना नेमका तोच हवा असतो. कुंडी हाताने उचलून पाहण्याची सवय केली तर चार दिवसांत हातालाच कळू लागते की ती जड आहे का हलकी. मात्र सगळी कुंडी खडखडीत वाळू देऊ नये. बटण गुलाबाची बारीक मुळे तेवढी ताण सोसत नाहीत. कोरडा व्हायचा आहे तो फक्त वरचा इंच. अंडी आणि कोवळ्या अळ्या त्याच थरात असतात आणि कोरडेपणाने मरतात.

आणखी एक गोष्ट म्हणजे ऊन. हा गुलाब शोभेसाठी घरात ठेवण्याचा नाही. त्याला रोज पाच-सहा तास ऊन हवे. उन्हात माती वेळेवर सुकते, मुळे पाणी ओढतात आणि चिलटे आपोआप कमी होतात. हे झाड दिसायला नाजूक असले तरी जातीने चिवट आहे. चिनी गुलाबाच्या वंशातला असाच एक ठेंगणा गुलाब पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात खिडक्यांतल्या कुंड्यांत वाढताना रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला आढळला. त्यावरूनच त्याला 'रूलेटी' हे नाव पडले, आणि आजच्या कितीतरी बटण गुलाबांच्या पूर्वजांत तो आहे. खेड्यातल्या खिडकीत तगलेले झाड आपल्या ओट्यावर का तगणार नाही?

कुंडीखालची बशी

चिलटांपेक्षा मोठा धोका कुंडीखालच्या बशीत असतो, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. ओटा खराब होऊ नये म्हणून आपण कुंडीखाली प्लास्टिकची ताटली ठेवतो. तिच्यात पाणी साचते. त्या पाण्याने कुंडीची माती खालून ओली राहते, ही एक गोष्ट. दुसरी अशी की त्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. हा एडिस डास पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात.

म्हणून बशी नुसती ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती काथ्याने घासून, उन्हात सुकवून ठेवावी. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने खाली उतरलेले पाणी ओतून टाकावे. त्याहून चांगले म्हणजे पावसाळ्यात बशा काढूनच टाकाव्यात आणि कुंड्या दोन विटांवर ठेवाव्यात. न चावणाऱ्या चिलटावर विष टाकायचे आणि चावून माणूस आडवा करणाऱ्या डासाला बशीत वाढवायचे, हा उलटा कारभार आपण थांबवला पाहिजे.

चहाचा चोथा आणि कांद्याची साले

आपल्या घरात काही वाया घालवायचे नाही ही चांगली सवय आहे. पण चहाचा चोथा, कांद्याची साले, ताक, तांदळाचे धुवण, भुईमुगाच्या पेंडीचे आंबवण हे सारे तीन इंचांच्या कुंडीत ओतले की चिलटांना पंगत वाढल्यासारखे होते. कच्चा ओला कचरा कुंडीत कुजतो, त्यावर बुरशी येते आणि त्या बुरशीवर अळ्या पोसतात. हे सगळे परसातल्या खड्ड्यात टाकावे. पुरते कुजून, काळे, भुसभुशीत आणि वास नसलेले खत झाले की मग कुंडीत चमचा-दोन चमचे घालावे.

चार आठवड्यांचा नेम

चिलटांचे चक्र तीन-चार आठवड्यांचे असल्याने उपायही तितके दिवस नेमाने करावे लागतात. आमच्या मते पुढील क्रम कोणत्याही घराला परवडणारा आहे.

पहिल्या दिवशी बशी काढावी. कुंडीतली गळलेली पाने, सुकलेल्या पाकळ्या आणि मातीवरचे हिरवे शेवाळ चमच्याने खरवडून काढावे. वरचा अर्धा इंच माती काढून दूर टाकावी. त्या जागी धुतलेली जाड वाळू किंवा विटेचा बारीक चुरा अर्धा इंच पसरावा. हा थर चटकन सुकतो, त्यामुळे मादीला अंडी घालायला ओली जागा सापडणे कठीण होते.

त्याच दिवशी पिवळ्या पुठ्ठ्याचे किंवा जुन्या पिवळ्या डब्याच्या पत्र्याचे बोटभर तुकडे करून त्यांना एरंडेल तेल किंवा ग्रीस लावावे आणि मातीलगत ठेवावेत. पिवळ्या रंगाकडे चिलटे ओढली जातात आणि चिकटतात. आठवड्याने तुकडे पुसून पुन्हा तेल लावावे. प्रत्येक आठवड्याला किती चिकटली हे मोजून ठेवले तर उपाय लागू पडतो आहे की नाही ते कळते. नुसत्या पिवळ्या तुकड्यांनी अळ्या मरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. खरे काम पाणी आवरण्यानेच होते.

दोन आठवड्यांनीही बटाट्याखाली अळ्यांचा पुंजका दिसला तर झाड हलक्या हाताने कुंडीतून काढावे. काळी पडलेली, मऊ मुळे कात्रीने कापावीत, जुना भुसा झाडून टाकावा आणि नव्या मातीत लावावे. दोन भाग तांबडी माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण बटण गुलाबाला मानवते. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे असल्याची खात्री करून घ्यावी.

याउपरही त्रास राहिला तर एक जिवाणू आपल्या मदतीला आहे. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात डासांच्या अळ्या मारणारा एक जिवाणू शास्त्रज्ञांना सापडला. त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बी.टी.आय. डास-निर्मूलनासाठी तो आपल्या देशातही वापरला जातो. चिलटांच्या अळ्या डासांच्या लांबच्या भावकीतल्या असल्याने त्यांनाही तो लागू पडतो. माणूस, गुरे, कोंबड्या, मधमाश्या आणि गांडुळे यांना त्यापासून इजा नाही. तो पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा मातीत ओतावा लागतो. कापसाच्या किंवा कोबीच्या अळीवर मिळणारे बी.टी. मात्र निराळ्या जातीचे असते. ते चिलटांवर चालत नाही. दुकानदाराकडून विकत घेताना नाव नीट वाचून घ्यावे.

मातीतले इतर पाहुणे

कुंडी उपसल्यावर आणखीही काही जीव दिसतात. सगळेच शत्रू नसतात. पाण्याने उड्या मारणारे पांढरे ठिपक्याएवढे किडे दिसले तर ते कुजका पाला खाणारे असतात, त्यांना हात लावू नये. गांडूळ तर आपला मित्रच.

इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. ऊस आणि भुईमुगात तिने केलेले नुकसान आपण जाणतोच. कुंडीत ती अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते. एक हुमणी लहान कुंडीतली सगळी मुळे फस्त करू शकते. तिला औषध नको, चिमटा पुरे. शेणखत कुंडीत घालण्याआधी कागदावर पातळ पसरून उन्हात सुकवावे आणि चाळून घ्यावे. उकिरड्यातल्या सगळ्याच पांढऱ्या अळ्या हुमणीच्या नसतात, काही फक्त कुजका पाला खातात. पण कुंडीत त्यांतल्या कुणाचेच काम नाही.

मुळांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली की त्याचा संशय घ्यावा, कारण पिठ्या ढेकणाचा गोड स्राव मुंग्यांना आवडतो आणि त्या त्याची राखण करतात. मुळे वाहत्या पाण्यात धुवावीत, जुनी माती टाकून नवी घ्यावी. मुंग्यांसाठी आपल्या आजीचाच उपाय करावा. कपाटाच्या पायांखाली ठेवतो तशा पाण्याच्या वाट्या मांडणीच्या पायांखाली ठेवाव्यात, मात्र डासांमुळे त्यांतले पाणी दर आठवड्याला बदलून वाट्या घासाव्यात. पूर्वी मुंग्यांवर सर्रास टाकली जाणारी बी.एच.सी. पावडर आपल्या देशात १९९७ साली बंद झाली. ती कुठे जुन्या डब्यात उरली असेल तर वापरू नये.

मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी. ते डोळ्यांना दिसत नाहीत, गाठीच दिसतात. अशी कुंडी मोडल्यावर तिची माती वांगी, टोमॅटो, भेंडीच्या वाफ्यात कधीही टाकू नये, नाहीतर कुंडीतली पीडा शिवारात जाईल. एप्रिल-मे महिन्यांत ही माती ओलसर करून, पारदर्शक प्लास्टिकखाली झाकून, चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवली तर पुष्कळसे कृमी आणि किडींची अंडी मरतात. नव्या कुंडीसाठी माती याच पद्धतीने तयार ठेवली तर पावसाळ्यातली निम्मी डोकेदुखी कमी होते.

विषाचा हिशोब

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अनेक जण विचारतात, जे आपण एकरभर उसात टाकतो ते कुंडीत चिमूटभर टाकले तर काय बिघडले? हिशोबच करून पाहू या.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. समजा एखादे दाणेदार औषध एकरी १० किलो टाकायचे आहे. म्हणजे एका चौरस मीटरला अडीच ग्रॅम पडले. सहा इंच तोंडाच्या कुंडीचे क्षेत्रफळ साधारण ०.०१८ चौरस मीटर. तिच्या वाट्याला येते ग्रॅमच्या विसाव्या भागाहूनही कमी. हे वजन आपल्या घरातल्या कोणत्याही काट्यावर मोजता येणार नाही. अर्ध्या ग्रॅमची चिमूट टाकली तर मात्रा दहा पटींहून अधिक झाली. चहाचा एक चमचा टाकला, तर शंभर पटींहून अधिक. शेतात कुणी एकरी एक टन औषध टाकील काय? पण कुंडीत आपण नेमके तेच करतो, आणि तेही लेकरांच्या खेळण्याच्या जागी.

शिवाय यातली बरीच औषधे मुळांवाटे झाडात शिरणारी असतात. ती पानांत, पाकळ्यांत, मकरंदात उतरतात. आपल्या घरी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो. मुली फूल केसांत माळतात. मिरवणुकीत चिमुकली मुले टोपलीतून पाकळ्या उधळतात आणि त्याच हातांनी खाऊ खातात. रांगते मूल कुंडीतली माती तोंडात घालते, कोंबडी कुंडी उकरते. हे सगळे ध्यानात घेतले तर चिमूटभर विषाचा अर्थ कळतो.

कायद्याचेही पाहू. उसात हुमणीसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले फोरेट आणि घरातल्या किड्यांवर शिंपडले जाणारे डायक्लोरव्हॉस, या दोन्हींवर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीही जुनी अर्धी पिशवी 'पुढे कामाला येईल' म्हणून गोठ्यात पडून राहते. ती पडून आहे म्हणूनच कुंडीत जाते. डब्यावरचा लाल त्रिकोण अत्यंत विषारी असल्याची खूण आहे. ती खूण असलेली वस्तू राहत्या घरात, स्वयंपाकघरात किंवा धान्याजवळ असूच नये.

विष घराजवळ आले की काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले आढळले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. एके ठिकाणी विष घरगुती वस्तूंत मिसळले, दुसऱ्या ठिकाणी ते वापरणाऱ्याच्याच अंगात भिनले. दोन्हींचे मूळ एकच, विषाची भीती मेली. आपण त्याला 'औषध' म्हणतो, इथूनच ही भीती मरायला सुरुवात होते, असे आमचे मत आहे. निदान घरात, मुलांसमोर तरी त्याला विषच म्हणावे.

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्याला औषध सोडायला सांगता काय? तसे नव्हे. शेतात पीक जात असताना, माहीतगाराच्या सल्ल्याने, योग्य मात्रेत, हातमोजे आणि तोंडाला फडके लावून फवारणी करावी लागते, हे आम्ही जाणतो. तेथे वर्षाचे पोट पणाला लागलेले असते. कुंडीतल्या चिलटाने कुणाचे पोट जात नाही. गरज आणि वैताग यांत फरक केला पाहिजे. गरजेपोटी घेतलेली जोखीम समजू शकते, वैतागापोटी घेतलेली समजू शकत नाही.

आणखी कुणी म्हणेल, चार आठवडे कोण वाट पाहील? ज्या माणसाने ऊस बारा-चौदा महिने सांभाळला, त्याला चार आठवडे जड का वाटावेत?

विषबाधेची शंका आली तर

इतके सांगूनही प्रसंग येऊ शकतो, म्हणून थोडक्यात लिहितो. तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलट्या, पोटात कळा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, अंगाचे स्नायू फडफडणे, श्वास लागणे ही अशा विषाची लक्षणे आहेत. माणसाला मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे काढून अंग, केस आणि नखे साबण-पाण्याने धुवावीत. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या किंवा मोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, दूध-तूप पाजू नये. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून ठेवावे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे. औषधाचा डबा किंवा पिशवी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना नेमका उतारा देता येतो. मंत्र-अंगाऱ्यात किंवा घरगुती काढ्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

शेवटी एवढेच

वाचकहो, येत्या रविवारी घरी गेल्यावर तीन कामे करावीत अशी आमची विनंती आहे. पहिले, प्रत्येक कुंडीत बोट घालून ओल पाहावी आणि ओली असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. दुसरे, सगळ्या बशा ओतून, घासून उन्हात पालथ्या घालाव्यात. तिसरे, गोठ्यात आणि माळ्यावर जुन्या औषधाच्या पिशव्या, बाटल्या आहेत का ते पाहावे. असल्यास त्या कुलपात ठेवाव्यात. त्या ओढ्यात, विहिरीजवळ किंवा चुलीत टाकू नयेत, कृषी खात्याच्या कार्यालयात विचारून त्यांची विल्हेवाट लावावी. रिकाम्या डब्याला भोके पाडून तो निकामी करावा, पाणी किंवा तेल भरण्यासाठी कधीच वापरू नये.

चिलटे चार आठवड्यांत जातील. एखादे दुसरे राहिले तरी बिघडत नाही. गुलाब फुलेल, आणि त्याची पाकळी लेकराने तोंडात घातली तरी आईचा जीव उडणार नाही.